टेहरी धरण : मे महिन्यात दिसलेला तपकिरी पट्टा

धरमपेठकर | ४ जून, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात नागपूरचे ऊन चुकवण्यासाठी आम्ही उभयता गढवालला गेलो होतो. गंगोत्रीहून उतरताना धरासू मागे पडले, चिन्यालीसौड आले आणि तिथून खाली दरीत जे हिरवट, संथ पाणी दिसू लागले ते पुढे कितीतरी वेळ आमची सोबत सोडीना. चालकाला विचारले तेव्हा कळले की ही नदी नव्हे, टेहरीच्या जलाशयाचा फुगवटा आहे. मग आम्ही ऋषिकेशचा मुक्काम एक दिवसाने पुढे ढकलून नवीन टेहरीत राहिलो.

धरण पाहण्याची इच्छा जुनी होती. आम्ही महाविद्यालयात असताना या धरणाला विरोध करणाऱ्या सुंदरलाल बहुगुणांच्या उपोषणाच्या बातम्या वाचत असू. १९९५ मधले ४५ दिवसांचे आणि १९९६ मधले दिल्लीत राजघाटावरचे ७४ दिवसांचे. त्या वेळी टेहरी म्हणजे काय, किती उंच, कोणत्या नदीवर, यातले आम्हाला काही ठाऊक नव्हते. आता माहिती गोळा करून गेलो होतो. भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमाच्या लगेच खाली, २६०.५ मीटर उंचीचे, माती आणि दगडांचे हे धरण देशातले सर्वांत उंच आहे. माथ्यावर त्याची लांबी अवघी ५७५ मीटर आहे, पण पायथ्याशी रुंदी ११०० मीटरांहून अधिक आहे. म्हणजे भिंत म्हणून जे आपण मनात धरतो तसे हे मुळीच नाही. दरीत मुद्दाम आणून बसवलेला तो एक डोंगर आहे, आणि लांबून पाहताना तो मानवनिर्मित आहे हे पटकन लक्षातही येत नाही.

मात्र मला खटकले ते दुसरेच. दोन्ही काठांवर झाडोरा जिथे संपतो तिथून पाण्यापर्यंत उघडा, तपकिरी, गवताचे पातेही नसलेला उतार होता. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीच्या आतल्या बांधकामावर पाणी उतरत गेल्याच्या जशा आडव्या रेघा दिसतात तशाच रेघा त्या उतारावर होत्या, फक्त इथे त्या पट्ट्याची उंची एखाद्या मोठ्या इमारतीएवढी होती. कोटी कॉलनीच्या बाजूने काढलेले एक छायाचित्र सोबत जोडले आहे, त्यात हा पट्टा स्पष्ट दिसतो.

माझे प्रश्न दोन. एक, मे महिन्यात, म्हणजे विजेची मागणी ऐन भरात असताना, एवढे मोठे धरण रिकामे कसे? आणि दुसरा, १००० मेगावॅटचे हे केंद्र वर्षातला बराच काळ पूर्ण क्षमतेने चालत नाही असे वाचले. मग ज्यासाठी एक अख्खे शहर पाण्याखाली घातले ते साधले की नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

निवृत्त_संचालन | ४ जून, रात्री ११.०२

धरमपेठकर भाऊ, मी ३४ वर्षे कोळशावरच्या केंद्रात पाळी केली आहे, जलविद्युत केंद्रात एकही दिवस नाही. तरीही लिहितो, कारण पाण्याच्या केंद्राची खरी किंमत कोळशावर काम केलेल्या माणसालाच नीट कळते असे माझे मत आहे.

आधी हिशेब. आपल्या गच्चीवर १००० लिटरची काळी टाकी असते. ती टाकी २०० मीटर उंचीवर नेऊन ठेवली आणि तिचे सगळे पाणी नळाने टर्बाइनवर सोडले, तर हाती येते साधारण अर्धे युनिट. एवढ्यात घरचा एक कूलर दोन-अडीच तास चालेल. टाकी शंभर मीटरवर ठेवली तर वीज निम्मी. टेहरीचे चारही संच, प्रत्येकी २५० मेगावॅटचे, पूर्ण भाराने चालवायचे तर दर सेकंदाला अशा साडेपाचशेहून अधिक टाक्या रिकाम्या कराव्या लागतात. भागीरथी हिवाळ्यात एवढे पाणी आणत नाही. म्हणून पावसाळ्यात साठवायचे आणि पुढचे आठ-नऊ महिने जपून वापरायचे. टेहरीचा उपयुक्त साठा सुमारे २६१५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे, पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ८३० मीटर आहे आणि ७४० मीटरच्या खाली पाणी उतरू देत नाहीत. मधल्या या ९० मीटरांतलाच काही भाग तुम्हाला उघडा पडलेला दिसला. याला मी रिकामे धरण म्हणणार नाही. मेअखेरीस ते उतरलेले असलेच पाहिजे, नाहीतर जुलैचे पाणी ठेवायचे कुठे?

दुसरा प्रश्न. या केंद्राकडून वर्षाला २७९७ दशलक्ष युनिटे अपेक्षित धरलेली आहेत. संच चोवीस तास चालले असते तर जेवढी झाली असती त्याच्या ही जेमतेम ३२ टक्के भरतात. हा आकडा वाचून लोक निराश होतात, पण ते केंद्र चोवीस तास चालवण्यासाठी बांधलेलेच नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास घरोघरी दिवे, पंखे, मोटारी एकदम सुरू होतात आणि मागणीचा आलेख उभा चढतो, तेव्हा कोळशाचा संच त्या वेगाने चढू शकत नाही. आमचा संच थंड पडला असेल तर बॉयलर पेटवून, वाफेचा दाब आणि तापमान टप्प्याटप्प्याने वाढवून, जाळ्याशी जोडेपर्यंत अख्खी पाळी उलटून जाई. घाई केली की धातू तडकण्याची भीती. पाण्याचा संच मात्र झडप उघडली की काही मिनिटांत भार घेतो. एकदा एका संध्याकाळी आमचा एक संच अचानक बंद पडला आणि वारंवारितेचा काटा (मागणीला वीज अपुरी पडली की तो घसरतो) पन्नासच्या खाली जाताना मी स्वतः पाहिला. थोड्या वेळात तो पुन्हा वर सरकू लागला तेव्हा माझे वरिष्ठ एवढेच म्हणाले, ‘कुठेतरी कोणीतरी पाणी सोडले.’ आज देशाचे सगळे जाळे एकाच वारंवारितेवर जोडलेले आहे, तेव्हा ते पाणी सह्याद्रीतले होते की हिमालयातले याने नागपूरच्या दिव्याला काही फरक पडत नाही.

आता टेहरीत आणखी एक गोष्ट झाली आहे. खाली सुमारे २२ किलोमीटरवर कोटेश्वरचे ४०० मेगावॅटचे धरण आहे. टेहरीने संध्याकाळी एकदम सोडलेले पाणी ते अडवते आणि पुढे नदीत सारखे करून सोडते. याच दोन जलाशयांच्या मध्ये आता १००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प उभा राहिला असून त्याचे संच २०२५ पासून सुरू होऊ लागले. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि रात्री तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिटे घालावी तेव्हा साधारण तीन परत मिळतात. तोटा दिसतो, पण दुपारचे युनिट आणि रात्री आठचे युनिट यांचा भाव एक नसतो.

आपल्या घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहेच. टेहरीत मात्र पहिल्यांदाच देशात बदलत्या गतीची यंत्रे बसवली आहेत, आणि त्याचे कारण तुमचा तो तपकिरी पट्टा. कोटेश्वरची पातळी ६१२ मीटरच्या आसपास असते. वर पाणी ८३० वर असेल तर पंपाला २१८ मीटर चढवायचे, ७४० वर असेल तर १२८ मीटर. ठरावीक गतीने फिरणारा पंप एवढ्या फरकात नीट चालतच नाही.

---

सदरवाला | ५ जून, सकाळी ७.३०

उत्तम माहिती. मला एवढेच विचारायचे आहे की २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयात टेहरी धरणानेच ऋषिकेश आणि हरिद्वार वाचवले असे सर्वत्र सांगितले जाते. तसे असेल तर विरोध करणारे चुकले होते, हे आता मान्य करायला काय हरकत आहे?

---

भूगोलाच्या_बाई | ५ जून, दुपारी ४.१०

सदरवाला, हा प्रश्न मला वर्गातही विचारला जातो आणि दरवेळी मी फळ्यावर आधी तीन रेघा काढते. केदारनाथहून मंदाकिनी येते, ती रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते, आणि अलकनंदा देवप्रयागला भागीरथीला मिळून तिथून पुढे गंगा हे नाव लागते. टेहरी आहे भागीरथीवर, देवप्रयागच्या वर. म्हणजे १६ आणि १७ जून २०१३ ला केदारनाथहून जो लोंढा आला त्याच्या वाटेत टेहरी नव्हतेच. त्याच दिवसांत भागीरथीच्या खोऱ्यातही अतिवृष्टी होऊन उत्तरकाशीत नदीकाठ वाहून गेला, आणि ते पाणी मात्र टेहरीत अडले. देवप्रयागला दोन्ही पूर एकाच वेळी भेटले असते तर खाली काय झाले असते याची कल्पना करवत नाही. तेव्हा मदत झाली हे खरे आहे.

पण ती का झाली हेही पाहा. पूर आला जूनच्या मध्यावर, म्हणजे निवृत्त_संचालन काकांनी सांगितलेल्या कारणाने जलाशय तळाशी होता आणि पोटात जागा होती. हाच पाऊस सप्टेंबरात पडला असता तर? सप्टेंबर २०१० मध्ये जलाशय जवळजवळ भरलेला असताना खोऱ्यात मोठा पाऊस झाला होता, आणि तेव्हा वर फुगवट्याच्या काठावरचे लोक आणि खाली नदीकाठचे लोक, दोघेही धास्तावले होते. धरण पूर अडवते हे वाक्य महिना सांगितल्याशिवाय अपुरे आहे, असे मी मुलांना लिहून घ्यायला लावते.

विरोधाचे मुद्देही अनेक होते, आणि त्यांत पुराचा मुद्दा मुख्य नव्हता. भूकंपाचा होता. ज्या उपोषणांचा उल्लेख वर झाला त्यांच्या थोडे आधी, २० ऑक्टोबर १९९१ ला उत्तरकाशीचा भूकंप झाला, ६.८ तीव्रतेचा. पुढे १९९९ च्या मार्चमध्ये चमोलीचा, तोही जवळपास तेवढाच. हिमालयात याहून कितीतरी मोठा भूकंप होऊ शकतो यावर भूशास्त्रज्ञांचे दुमत नाही. वाद होता तो असा, की तो झाला तर हे धरण टिकेल काय. शेवटी १ सप्टेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने धरणाच्या बाजूने निकाल दिला. न्या. धर्माधिकारी यांचे मत वेगळे होते. धरण फुटल्यास काय होईल याचा अभ्यास आणि भूकंपाची आणखी एक सखोल गणिती तपासणी आधी करावी, असे त्यांनी लिहिले होते.

माती-दगडाचे धरण का, हेही इथे सांगायला हवे, कारण ‘एवढे उंच धरण आणि मातीचे?’ असे अनेकांना वाटते. मधोमध चिकणमातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना वाळू-खडीचे गाळणथर आणि बाहेर दगड-गोट्यांचा प्रचंड भराव. जमीन हलली तर असे धरण थोडे दबते, सरकते, पण काँक्रीटसारखे तडकत नाही. काँक्रीटच्या धरणाचे काय होते ते आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण फुटले नाही, नंतर ते मजबूत केले. मात्र मातीच्या धरणाचा एक शत्रू आहे, माथ्यावरून वाहणारे पाणी. म्हणून टेहरीला एका मोठ्या उतरत्या सांडव्याच्या जोडीला विहिरीसारखे खोल चार सांडवे दिले आहेत.

---

निवृत्त_संचालन | ५ जून, सायं. ६.४५

बाईंच्या ‘महिना सांगा’ या वाक्याला माझी पुस्ती. पूर सांभाळणाऱ्याला जलाशय रिकामा हवा असतो, वीज करणाऱ्याला भरलेला, आणि सिंचनवाल्याला रब्बीत भरपूर सोडलेला. टेहरीचे पाणी पुढे दिल्लीला पिण्यासाठी जाते, ३०० क्युसेक, आणि उत्तर प्रदेशात पिण्यासाठी आणखी २००. शिवाय लाखो हेक्टरांचे सिंचन. झडप उघडणारा माणूस एकच, मालक अनेक. नियंत्रण कक्षात बसून ज्याने चार दूरध्वनी एकाच वेळी घेतले आहेत त्याला हे सांगायला नको.

---

वैनगंगाकाठ | ५ जून, रात्री १०.२०

मी या चर्चेत सहसा लिहीत नाही, वाचतो. पण ८३० हा आकडा आला म्हणून लिहितो.

टेहरीत पूर्ण संचय पातळी ८३० मीटर, आणि जमिनीचे संपादन व पुनर्वसन ८३५ मीटरच्या रेषेपर्यंत. या रेषेच्या खाली ज्याचे सर्व काही गेले तो पूर्ण बाधित. अशी टेहरी शहरासह ३७ गावे पूर्णपणे गेली आणि ८८ गावे अंशतः. शहरातल्या लोकांना डोंगरावर नवीन टेहरीत किंवा देहरादूनकडे, खेड्यांतल्या अनेकांना खाली हरिद्वार-ऋषिकेशच्या सपाटीवर जागा मिळाली. त्यांत कोणाला किती मिळाले, मोबदला वेळेवर मिळाला की नाही, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. मला बोलायचे आहे ते त्या ८८ गावांबद्दल, आणि जी गावे कोणत्याच यादीत नव्हती त्यांच्याबद्दल.

आमचे गाव विदर्भातल्या एका धरणाच्या फुगवट्यात आहे. मी चौथीत असताना मोजणीची माणसे आली आणि पाणी कुठवर येईल त्याची खूण म्हणून त्यांनी चुन्याचे पट्टे मारले. एक पट्टा आमच्या कोठ्याजवळच्या कडुनिंबावर होता. त्यांच्या नकाशात कोठा बुडीत क्षेत्रात आला, वावर सगळे आत आले, आणि घर पट्ट्याच्या चाळीस-पन्नास पावले वर राहिले. वावराचे पैसे मिळाले, घराला काही नाही, कारण घर बुडत नव्हते. आजी तेव्हा म्हणाली होती, ‘घर ठेवलं, वावर नेलं. आता भिंती खाव्या का?’ पुढे पाणी आले, ते पट्ट्याच्या खालीच थांबले, मोजणी अगदी बरोबर होती. पण त्या घरात राहून करायचे काय? मळणीच्या दिवसांत ज्या वाटेने आम्ही बाजाराला जात होतो ती वाट पाण्यात गेली आणि तीन किलोमीटरचे अंतर सतरा झाले. ओल भिंतीत चढली. शेवटी आम्ही घर सोडून नागपुरात आलो, आणि सरकारदरबारी आम्ही विस्थापित नाही, स्थलांतरित आहोत.

टेहरीची गोष्ट वाचताना मला पदोपदी हेच दिसते. जलाशय भरला तेव्हा जुने पूल बुडाले आणि पलीकडचा प्रतापनगरचा भाग तुटला. तिथल्या लोकांची घरे बुडाली नव्हती. त्यांच्यासाठी डोबरा-चांटीचा झुलता पूल मंजूर झाला, काम २००६ मध्ये सुरू झाले आणि पूल वाहतुकीला खुला झाला नोव्हेंबर २०२० मध्ये. जलाशयावरचा मुख्य गाळा ४४० मीटरचा, एकूण लांबी ७२५ मीटर; या जातीचा देशातला सर्वांत लांब पूल म्हणून आज लोक तिथे छायाचित्रे काढायला जातात. पुलासाठी चौदा वर्षे लागली, आणि तेवढ्यात एक पिढी शाळा संपवून बाहेर पडली. दवाखान्यात न्यायचा माणूस, भाजीची गाडी, लग्नाची वरात, सगळे इतकी वर्षे लांबच्या वळणाने जात होते.

आणि उतार. पाणी दरवर्षी इतके मीटर चढते आणि तितकेच उतरते. डोंगराचा पाय सहा महिने भिजतो आणि नंतर उघडा पडून सुकतो. त्यामुळे रेषेच्या वरच्या गावांत जमीन सरकू लागली, घरांना भेगा गेल्या. मग तज्ज्ञांच्या पाहण्या झाल्या, ८३५ च्या वर राहणाऱ्यांसाठी वेगळे धोरण करावे लागले, आणि राज्य सरकारने कित्येक वर्षे पाणी ८२८ मीटरच्या वर चढवू दिले नाही. पूर्ण ८३० पर्यंत भरण्याची परवानगी २०२१ मध्ये मिळाली. दोन मीटरांसाठी एवढी वर्षे का थांबावे लागले, याचे उत्तर त्या भेगांत आहे.

धरमपेठकर, साधले की नाही हे तुम्ही विचारले. विजेचे साधले असेल. तो हिशेब काकांनी केला आणि मला तो पटला. फक्त खर्चाच्या बाजूला कोण धरले आणि कोण धरले नाही हे पाहिल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.

---

महाल_गल्ली | ६ जून, सकाळी ९.०५

वैनगंगाकाठ यांचे अनुभव वाचून वाईट वाटले. तरीही एक बाजू मांडतो. आपण नागपूरकर कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या छायेत राहतो. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांची राख, त्यांचा धूर, त्यांच्या कोळशासाठी उमरेड, वणी, चंद्रपूरकडे खोदलेल्या खाणी आणि त्या खाणींसाठी उठवलेली गावे, हाही खर्चच आहे आणि तोही आपल्याच अंगणातला. टेहरी झाले नसते तर तेवढी वीज कुठून तरी आलीच असती, आणि बहुधा कोळशातून आली असती. डोंगरातले धरण नको म्हणणाऱ्याने राखेच्या बंधाऱ्याशेजारी एक उन्हाळा काढून पाहावा. मी काढला आहे; आमची मावशी तिकडे राहते. दुपारी वारा सुटला की वाळत घातलेल्या पापडांवर राखाडी थर बसतो.

---

वैनगंगाकाठ | ६ जून, सकाळी १०.४०

हे मला मान्य आहे. कोळशाच्या खाणीच्या कडेला राहणाऱ्याचीही अशीच एक रेषा असते आणि तीही कोणीतरी नकाशावरच काढलेली असते. धरण नको असे मी लिहिलेले नाही, कृपया पुन्हा वाचावे.

---

भूगोलाच्या_बाई | ६ जून, दुपारी ३.२५

चर्चा आपल्या अंगणात आलीच आहे तर नागपूरजवळच्या पेंच नदीवरच्या प्रकल्पाचा विचार करू, कारण टेहरी समजायला तो फार सोयीचा नमुना आहे. तोतलाडोहचे धरण ७४.५ मीटर उंच आहे आणि त्याचा उपयुक्त साठा हजारभर दलघमी, म्हणजे टेहरीच्या अडीचपटीने कमी. तिथले जलविद्युत केंद्र १६० मेगावॅटचे, ८० चे दोन संच. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचे संयुक्त, वीज दोनास एक या प्रमाणात वाटली जाते. केंद्रातून बाहेर पडलेले पाणी नवेगाव खैरीच्या जलाशयात येते आणि तिथून आपल्या नळाला, कालव्याला आणि कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांना जाते. म्हणजे निवृत्त_संचालन काकांच्या बॉयलरमधली वाफ हे आधी पेंचच्या टर्बाइनमधून फिरून आलेले पाणी असण्याची दाट शक्यता आहे!

आता वर नदीवर मध्य प्रदेशात चौराईचे माचागोरा धरण झाले. त्यानंतर तोतलाडोहला येणारे पाणी घटले, आणि २०१९ च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळू लागले तेव्हा शहराला पहिल्यांदा कळले की आपल्या वर कोणीतरी आहे. टेहरीच्या वर भागीरथीवर मनेरीची केंद्रे आहेत, त्याच्या वर ६०० मेगावॅटचा लोहारीनाग-पाला प्रकल्प अर्धा बांधून २०१० मध्ये रद्द करण्यात आला, आणि २०१२ मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्यामुळे भागीरथीच्या त्या वरच्या भागात मोठी धरणे आता होणार नाहीत. टेहरीला वरून धोका आहे तो गाळाचा. हिमालय तरुण आणि भुसभुशीत आहे. दरवर्षी पुराबरोबर जो गाळ येतो तो जलाशयाच्या तोंडाशी, म्हणजे धरमपेठकरांनी पहिल्यांदा हिरवे पाणी पाहिले त्या चिन्यालीसौडच्या बाजूला, बसत जातो. उदंचनाचे पाणी मात्र खालून वर स्वच्छ येते, ते गाळ आणत नाही. नव्याने नदी अडवण्यापेक्षा आहे त्याच दोन जलाशयांतून अधिक काम घ्यावे या मताची मी त्यामुळेच आहे.

---

सदरवाला | ६ जून, रात्री ८.००

बाई, तीन रेघा पाठ झाल्या. एक शंका उरली. पाणी इतके उतरते तर जुने शहर वर येते का?

---

भूगोलाच्या_बाई | ६ जून, रात्री ८.५०

शहर संगमावर, नदीच्या पातळीजवळ होते. गढवालचे राजे सुदर्शन शाह यांनी १८१५ मध्ये ते राजधानी म्हणून वसवले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त १८९७ मध्ये बांधलेला घंटाघर ही त्याची खूण. टेहरी संस्थानातले स्वातंत्र्यसैनिक श्रीदेव सुमन यांनी ८४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ जुलै १९४४ ला प्राण सोडला तो तुरुंगही तिथलाच. नदी वळवणाऱ्या बोगद्याची दारे २००५ च्या ऑक्टोबरअखेर लावली आणि पाणी चढू लागले. वीज २००६ मध्ये सुरू झाली. जलाशय तळाला जातो त्या वर्षांत वरच्या भागातले काही पडके अवशेष दिसतात आणि जुने रहिवासी ते पाहायला काठावर जमतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर, शहर येत नाही, तुकडे येतात.

---

धरमपेठकर | ६ जून, रात्री १०.१५

सर्वांचे आभार. पहिल्या टिपणात मी ‘रिकामे धरण’ लिहिले ते चुकले, आता कळले. दुरुस्त करत नाही, कारण पुढचे प्रतिसाद त्यालाच धरून आहेत.

---

वैनगंगाकाठ | ६ जून, रात्री १०.३२

एक विनंती. तुमच्या छायाचित्रात पट्टा आहे, त्याच्या वर झाडी सुरू होते तिथे काही पांढरे ठिपके दिसतात. माझ्या मोबाइलवर नीट कळत नाही. मूळ छायाचित्र मोठे करून पाहता येईल का?

---

धरमपेठकर | ६ जून, रात्री ११.०५

पाहिले. घरे आहेत. सात मोजली, आठवे झाडाआड असावे. सर्वांत खालचे घर पट्ट्याच्या कडेपासून फार तर दोन वावरे वर आहे, त्याच्या गच्चीवर काळी टाकी आहे आणि दोरीवर कपडे वाळत घातले आहेत. तिथे उभा होतो तेव्हा मला ती दिसली नव्हती.